विद्यार्थी काही सांगायला येतो तेव्हा: इंदूरच्या नव्या शिक्षकांसाठी

जुलै-ऑगस्टमध्ये इंदूरच्या कॉलेजांत नवे शिक्षक येतात. कोणी सहायक प्राध्यापक म्हणून रुजू होतं, कोणी अतिथी विद्वान (कायम नसलेले शिक्षक) म्हणून, कोणी भंवरकुआं या कोचिंग क्लासेसच्या भागात आपली पहिली बॅच घेतं. शिकवावं कसं, यावर स्टाफरूममध्ये चार जण चार गोष्टी सांगतात. पण तास संपल्यावर एखादी मुलगी टेबलापाशी घुटमळते, "मॅडम, एक बात करनी थी" म्हणते, त्यानंतर काय करायचं हे कोणी सांगत नाही. ते अनुभवाने येईल असं धरून चालतात. येतंही, पण तोवर दोन-तीन बॅच निघून जातात.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडते. मुलांचं ऐकून घेणारे शिक्षक आपल्याकडे पुष्कळ आहेत. "हो हो, बघू या" म्हणतात, आणि ते मनापासून म्हणतात. तरी मुलं हळूहळू सांगायची बंद होतात, कारण त्या "बघू या"चं पुढे काय झालं ते त्यांना कधी कळत नाही. सांगितलेल्या गोष्टीचं उत्तर ठरलेल्या दिवशी परत गेलं पाहिजे. उत्तर "नाही" असलं तरी चालेल. खाली जे लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

वर्गात जाण्याआधी

एक कोरा कागद घ्या आणि तुमच्या हातात काय काय आहे ते लिहून काढा. शिकवण्याचा वेग, वर्गात हिंदीतून किती समजावायचं, असाइनमेंटची शेवटची तारीख, इंटर्नलमधल्या प्रश्नांची धाटणी, तपासलेली उत्तरपत्रिका दाखवायची की नाही, हे बहुतेक ठिकाणी शिक्षकच ठरवतो. हजेरीची 75 टक्क्यांची अट, फी, परीक्षेचं वेळापत्रक, एटीकेटीचे (नापास विषय राहूनही पुढच्या वर्षात जाण्याचे) नियम तुमच्या हातात नसतात. नवीन माणसाची इथेच गल्लत होते. कधी हातात नसलेल्या गोष्टीचं आश्वासन दिलं जातं, तर कधी स्वतः ठरवू शकतो अशा गोष्टीला "हे वरून ठरतं" म्हणून मोकळं होता येतं. दुसरी चूक जास्त वाईट आहे. शेजारच्या तुकडीत तारीख वाढवून मिळालेली असते, हे मुलांना माहीत असतं.

त्याच कागदाच्या मागे नावं लिहा: विद्यार्थी तक्रार निवारण समितीचे अध्यक्ष, लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समितीच्या अध्यक्षा, रॅगिंगविरोधी समितीतलं कोणी, परीक्षा विभागातली ओळखीची व्यक्ती, स्कॉलरशिपच्या फायली बघणारे बाबू, समुपदेशक असतील तर ते. नाव, खोली आणि ते कधी भेटतात, एवढं हवंच. "ऑफिसात विचार" हे उत्तर म्हणून देऊ नका. गावाकडून आलेलं मूल तीन खिडक्या फिरतं, प्रत्येक खिडकीवर पुढची खिडकी दाखवली जाते, आणि त्यानंतर ते विचारायचंच सोडून देतं. "दोन नंबरच्या खिडकीत जा, अमक्या सरांना भेट, मी पाठवलंय म्हणून सांग, आणि काय झालं ते मला उद्या सांग" असं म्हटलं की काम होतं.

मग बसायची जागा. अतिथी विद्वानांना स्वतःची खोली नसते आणि स्टाफरूममध्ये सहा जण चहा घेत असतात. तिथे कोण मन मोकळं करणार? रिकामी वर्गखोली, प्रयोगशाळेचा कोपरा, ग्रंथालयातलं बाजूचं टेबल, काहीही चालेल, फक्त दार उघडं असावं आणि वेळ ठरलेली असावी. पहिल्याच तासाला फळ्यावर लिहा: मंगळवार आणि शुक्रवार, साडेबारा ते दीड, खोली अमुक. आणि त्या वेळी खरंच तिथे बसा, कोणी आलं नाही तरी. सुरुवातीला कोणी येतही नाही. मुलं जाता-येता नुसती बघून जातात की हे खरंच बसतात का.

व्हॉट्सअ‍ॅपचंही आधीच ठरवून टाका. वर्गाचा ग्रुप सूचनांसाठी असतो, तिथे कोणाचं गाऱ्हाणं मांडलं गेलं तर "हे आपण शुक्रवारी समोरासमोर बोलू" एवढंच लिहा. वैयक्तिक निरोपांना किती वाजेपर्यंत उत्तर मिळेल तेही सांगून ठेवा.

मुलं आपणहून बोलत नाहीत

आपल्या वर्गात कोण बसलेलं असतं ते नीट बघा. खरगोन, बडवानी, झाबुआ, आलीराजपूरहून आलेली मुलं असतात, काहींच्या घरातून कॉलेजात पाऊल टाकणारी तीच पहिली. घरात निमाडी किंवा भिली, शाळा हिंदीतून, आणि हातातलं पुस्तक इंग्रजी. शंका मनात घरच्या बोलीत येते, ती हिंदीत मांडायची असते, आणि पुढच्या बाकावर फाडफाड इंग्रजी बोलणारी मुलं बसलेली असतात. तेवढ्यात शिक्षक "कोणाला काही शंका? नाही ना? पुढे जाऊ" म्हणून पान उलटतो.

अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात शाळांच्या वर्गांतल्या या थांबण्याचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात असं त्यांना दिसलं. ते थांबणं तीन सेकंदांवर नेलं तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागली, आणि मुलांकडून येणारे प्रश्नही वाढले. हे आपल्याकडे लगेच करून बघता येतं. प्रश्न विचारा आणि मनात पाचपर्यंत मोजा. पहिल्या दिवशी ती शांतता तुम्हालाच जड जाईल. प्रश्नही असा विचारा की ज्याला उत्तर देणं सोपं जाईल. "काही अडचण?" याला सगळे नाही म्हणतात. "दुसरं उदाहरण पुन्हा करू की चौथं?" याला कोणी ना कोणी बोलतं, आणि चौथं म्हणणाऱ्याला आपल्याला काही येत नाही असं कबूल केल्यासारखंही वाटत नाही.

चौथ्या आठवड्यात चिठ्ठ्या घ्या. पाव कागद, नाव लिहायचं नाही, भाषा कुठलीही. प्रश्न तीन पुरेत: या तासाला कशामुळे समजायला सोपं जातं, कुठे अडतं, आणि कुठली एक गोष्ट बदलली तर बरं होईल. दहा मिनिटं द्या आणि स्वतः खोलीबाहेर जा. चिठ्ठ्या पाकिटात घालून पाकीट बंद करून द्यायला सांगा. सेमिस्टर संपताना कॉलेज जो फीडबॅक फॉर्म भरून घेतं, तो नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या, कामी येतो आणि पुढच्या बॅचला थोडाफार उपयोगी पडतो. आत्ता समोर बसलेल्या मुलांना त्यातून काही मिळत नाही, त्यांची परीक्षा तोवर झालेली असते.

चिठ्ठ्या घरी निवांत वाचा. सारख्या मागण्या एकत्र ठेवल्या की वर्गाचं म्हणणं दिसतं. एखादीत टोचून लिहिलेलं असेल, ती बाजूला ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचा, बहुतेक वेळा टोमण्याच्या पोटात एक कामाची गोष्ट निघते. आणि एकट्या चिठ्ठीकडे दुर्लक्ष करू नका. "पंखे के नीचे आवाज नहीं आती" असं एकानेच लिहिलेलं असतं, पण त्या पंख्याखाली बाकांची अख्खी रांग बसते.

पुढच्याच तासाला, शिकवायला सुरुवात करण्याआधी, उत्तर द्या. ते साधारण असं असावं:

"फळा पुसण्याआधी थोडं थांबा असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. आजपासून थांबेन, विसरले तर हात वर करा. हिंदीतून शिकवा असंही आहे. समजावताना हिंदी वापरेन, पण संज्ञा इंग्रजीतच ठेवेन, कारण पुस्तकात त्याच आहेत. त्यांची हिंदी अर्थांसह एक यादी सोमवारी देते. असाइनमेंट कमी करा, हे मात्र होणार नाही, संख्या विभागाने ठरवली आहे. तारीख माझ्या हातात आहे. ती तुम्ही आपसात ठरवून बुधवारपर्यंत सांगा."

यात एक गोष्ट मान्य झाली, एक अर्धी झाली, एक नाकारली, आणि नाकारताना कारण सांगितलं. मुलं हे व्यवस्थित समजून घेतात. सोमवारी यादी मात्र निघालीच पाहिजे. ती मंगळवारी निघाली तर पुढच्या वेळी चिठ्ठ्या कोऱ्या येतील.

वर्गप्रतिनिधीवर, म्हणजे आपल्या सीआरवर, सगळा भार टाकू नका. सीआर बहुधा हुशार, बोलका, शहरातला असतो आणि त्याच्या मित्रांचं म्हणणं त्याला माहीत असतं. देवास, महू, सांवेर, उज्जैनहून अप-डाउन करणाऱ्या मुलांचं त्याला माहीत नसतं, कारण ती तास संपताच बस गाठायला पळतात. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट नको, रात्रभर मिरवणुकीतल्या झांक्या (चित्ररथ) बघायच्या असतात, ही मागणी सीआर बरोबर घेऊन येतो, आणि ती रास्तही आहे. पण टेस्ट सकाळी आठला ठेवली तर अप-डाउनवाल्यांची पहिली बस चुकते, हे तुम्हालाच त्या मुलांना गाठून विचारावं लागतं.

समोर बसल्यावर

समजा, देवासहून रोज येणारी एक मराठी मुलगी तुमच्याकडे आली.

"मॅडम, प्रॅक्टिकलची बॅच बदलून मिळेल का?"

इथे "बॅच बदलता येत नाही" म्हटलं की विषय संपला, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरही असेल. पण ती काय सांगायला आली होती ते कळलंच नाही. त्याऐवजी:

"बस आधी. काय होतंय नक्की?"

"काही नाही, उशीर होतो जरा."

इथे थांबा. काही बोलू नका.

"साडेपाचला सुटतं, बस मिळेपर्यंत साडेसहा होतात. घरी पोचेस्तोवर साडेआठ-नऊ. बाबा म्हणतात, असंच चालणार असेल तर राहू दे कॉलेज."

बॅचचा विषय आता बाजूला राहिला. मुलीचं शिक्षण थांबायची वेळ आली आहे. आता तिला विचारा, "मी काय करावं असं तुला वाटतं?" कदाचित ती म्हणेल की सकाळच्या बॅचमधली एक मैत्रीण अदलाबदल करायला तयार आहे. कदाचित पाच वाजता निरीक्षणं नोंदवून निघायची आणि आकडेमोड घरून करून आणायची मुभा पुरेल. आणि बहुतेक ती घाईघाईने म्हणेल, "बाबांना फोन नका करू." तो करू नकाच. चांगल्या हेतूने घरी केलेल्या एका फोनमुळे मुलींचं कॉलेज सुटलेलं आहे. घरी बोलायचं तर तिला विचारून, आणि काय बोलणार ते तिला आधी सांगून.

ऐकताना मोबाइल पालथा ठेवा किंवा पिशवीत. तिचं बोलणं संपलं की तुमच्या शब्दांत एकदा म्हणून दाखवा: "म्हणजे बॅचपेक्षा घरी पोचायची वेळ हा प्रश्न आहे, बरोबर?" तुमचं चुकलं असेल तर ती दुरुस्त करेल. "आमच्या वेळी आम्ही पायी जायचो" हे वाक्य गिळून टाका. कोणी रडायला लागलं तर पाणी द्या आणि थांबा, लगेच समजूत घालायला जाऊ नका. आणि एक प्रश्न कायम जवळ ठेवा: "तुला मी नुसतं ऐकावं असं वाटतंय, सल्ला हवाय, की मी काही करायला हवंय?" पुष्कळ मुलांना फक्त पहिलं हवं असतं, आणि आपण तिसऱ्याच्या मागे धावतो.

"कोणाला सांगणार नाही" असं वचन आधीच देऊ नका. काही गोष्टी कायद्यानेच तुम्हाला पुढे कळवाव्या लागतात, त्यांच्याविषयी खाली लिहिलंय. "ज्यांना सांगणं गरजेचं असेल त्यांनाच सांगेन, आणि त्याआधी तुला सांगेन" एवढं म्हणा. हे तुम्ही पाळू शकता.

आता आपल्या मराठी मंडळींसाठी वेगळं. इंदूरमध्ये आपला समाज मोठा असला तरी एकमेकांना ओळखून असतो. रामबागेत, लोकमान्य नगरात, सुदामा नगरात कोणी ना कोणी नात्यातलं निघतंच. गणपतीच्या आरतीला किंवा महाराष्ट्र साहित्य सभेच्या कार्यक्रमाला गेलात की एखाद्या काकू हळूच म्हणतात, "आमचा चिन्मय तुमच्याच वर्गात आहे हं, जरा बघा ना त्याचं इंटर्नलचं." त्यांना तोडून बोलायची गरज नाही. "त्याला शुक्रवारी साडेबाराला यायला सांगा काकू, तिथे सगळ्यांचंच बघते" म्हणा आणि खरंच तिथेच बघा. मराठी मुलगा मराठीतून बोलला तर मराठीतून ऐका, घरच्या भाषेत त्याला मोकळं बोलता येतं. मात्र निर्णय वर्गाला सांगताना हिंदीत सांगा, आणि जी सवलत त्याला दिली ती तशीच अडचण असलेल्या झाबुआच्या मुलालाही आहे, हे सगळ्यांच्या कानावर जाऊ द्या. कॉरिडॉरमध्ये मराठीत चाललेल्या गप्पा बाकीची मुलं लांबून बघत असतात, आणि आपल्याला कळू न देता काहीतरी ठरतंय असं त्यांना वाटणं साहजिक आहे.

उत्तर कसं आणि कधी

एक वही करा. तारीख, कोणी सांगितलं, काय सांगितलं, मी काय करेन म्हटलं, कधीपर्यंत, आणि शेवटी काय झालं. नाजूक बाबतीत नावाऐवजी खूण लिहा आणि वही कुलपात ठेवा. स्मरणशक्तीवर अवलंबून राहू नका. तुम्हाला आठवड्यात साठ गोष्टी असतात, त्या मुलाला ती एकच असते.

मुलगा उठायच्या आधी पुढचा दिवस ठरवा: "मी एचओडी सरांशी गुरुवारपर्यंत बोलते. शुक्रवारी साडेबाराला ये." गुरुवारपर्यंत बोलणं झालं नाही तरी शुक्रवारी "अजून झालं नाही, सोमवारी सांगते" असं सांगा. उशीर झालेला मुलांना चालतो, विसरलेलं चालत नाही.

सगळ्यात जास्त तक्रारी मार्कांच्या येतात, म्हणून तिथे सवय पक्की करा. "मला कमी मार्क का?" असं विचारणारा मुलगा पुष्कळदा आधीच दुखावलेला असतो. उत्तरपत्रिका काढा, तुम्ही तपासताना वापरलेली मार्कांची विभागणी त्याच्यासमोर ठेवा आणि त्यालाच एक उत्तर वाचायला सांगा: "या प्रश्नाला व्याख्येचे दोन, आकृतीचा एक, उदाहरणाचे दोन. तुझ्या उत्तरात काय काय आहे, बघ." बहुतेक वेळा त्यालाच दिसतं. कधी तुम्हालाही दिसतं की एक मुद्दा सुटला होता. मग तिथल्या तिथे मार्क वाढवा आणि तीच उणीव दुसऱ्या कोणाच्या उत्तरपत्रिकेत राहिली आहे का ते बघा. ही विभागणी टेस्टच्या आधीच लिहून ठेवलेली असेल तर अर्ध्या तक्रारी येतच नाहीत. नसेल, तर पुढच्या टेस्टपासून ठेवा.

विद्यापीठाच्या मुख्य परीक्षेचे मार्क तुमच्या हातात नसतात. तिथे पुनर्मूल्यांकनाचा अर्ज, त्याची मुदत आणि फी सांगा, आणि अर्ज करण्यासारखं काही आहे का याबद्दल प्रामाणिक मत द्या.

स्कॉलरशिपच्या अडचणी बहुधा कागदात अडकलेल्या असतात: समग्र आयडीतलं (राज्य सरकारच्या कुटुंब-नोंदणीतलं) नाव आणि मार्कशीटवरचं नाव जुळत नाही, बँकखातं आधारशी जोडलेलं नाही. मध्य प्रदेशात गावाकडून बारावीला प्रथम श्रेणीत आलेल्या मुलींसाठी गाव की बेटी योजना आहे, दहा महिने दरमहा 500 रुपये मिळतात. अर्जच केला नाही अशा मुली दर वर्षी भेटतात. वर्गात एकदा विचारायला दोन मिनिटं लागतात. ऑफिसात अर्ज देताना त्याच्या प्रतीवर पोच घ्यायला शिकवा, पुढे तीच कामी येते.

अपंगत्व असलेल्या मुलांनी मागितलेल्या सोयी उपकार म्हणून देऊ नका. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016च्या कायद्यात 21 प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश आहे आणि वाचन-लेखनाच्या विशिष्ट अडचणीही त्यात येतात. पात्र विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो, आणि केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे परीक्षेत तासाला किमान 20 मिनिटं जास्त वेळ मिळतो. तुमच्या इंटर्नलमध्येही तोच हिशेब धरा.

जे तुमच्यापाशी ठेवायचं नाही

काही गोष्टी ऐकल्यावर शहाणपणाने स्वतः मिटवायला जाऊ नका. लैंगिक छळाची तक्रार असेल तर ती अंतर्गत समितीची आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013चा कायदा आणि यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2015चे नियम तिला लागू होतात, आणि त्या नियमांप्रमाणे मुलगेही तक्रार करू शकतात. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते आणि समिती ती मुदत आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते. मुलीला लिहिता येत नसेल किंवा सुचत नसेल तर तिला मदत करणं समितीचं काम आहे. तुम्ही तिच्यासोबत दारापर्यंत जा. "दोघांना समोरासमोर बसवू" हे करू नका, "तो मुलगा चांगल्या घरचा आहे" हे बोलू नका, आणि स्टाफरूममध्ये एक अक्षर काढू नका.

पहिल्या वर्षाला काही मुलं सतरा वर्षांची असतात, कोचिंगमध्ये तर त्याहून लहानही. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणं मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. वचन आधी देऊ नका म्हटलं ते यासाठीच.

रॅगिंगची देशपातळीवरची हेल्पलाइन 1800-180-5522 ही आहे, ती चोवीस तास चालते. नंबर वर्गात फळ्यावर लिहा आणि उतरवून घ्यायला सांगा.

आणि जीव नकोसा झाल्याचं कोणी सूचित केलं, थट्टेत का होईना, तर ते थट्टा म्हणून सोडू नका. सरळ विचारा, "मरून जावं असं मनात येतं का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका. समुपदेशक, वॉर्डन, घरातलं ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे असं कोणी, यांपैकी कोणी येईपर्यंत सोबत बसा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे आणि कुठल्याही वेळी लागतो. भंवरकुआंच्या खोल्यांमध्ये पीएससीची तयारी करत वर्षानुवर्षं राहणारी मुलं घरी खरं सांगत नाहीत. त्यांच्यासाठी तुम्ही रोज दिसणारे एकमेव मोठं माणूस असू शकता. कोचिंगमध्ये शिकवणाऱ्यांनी शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024च्या मार्गदर्शक सूचना जरूर वाचाव्यात. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, समुपदेशनाची सोय असावी, चाचण्यांचे निकाल जाहीर करू नयेत, असं त्यांत सांगितलं आहे. भिंतीवर रँकची यादी लावायला सांगितलं गेलं तर याच कागदाच्या आधारे तुम्ही बोलू शकता.

लेखी तक्रार झाली तर

यूजीसीच्या 2023च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. मूल्यमापनात पारदर्शकता नसणं, स्कॉलरशिप रखडणं, मूळ कागदपत्रं अडवून ठेवणं, भेदभाव, हे सगळं तिच्या कक्षेत येतं. समितीने साधारण 15 कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर विद्यार्थी 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करू शकतो. ही माहिती मुलांपासून लपवू नका. "समितीकडे जाऊ नकोस, आपण आपसात बघू" असं म्हणणारा शिक्षक मुलाचा हक्कच काढून घेतो.

आपल्या राज्यात सीएम हेल्पलाइन 181 आणि मंगळवारची जनसुनवाई (अधिकाऱ्यांनी लोकांच्या तक्रारी समोर ऐकायचा दिवस) आहे, मुलं तिथेही जातात. तक्रार वरून खाली आली की विभागात "कोणी केली" याचा शोध सुरू होतो आणि मुलावर ती मागे घ्यायचा दबाव येतो. तुम्ही त्यात सामील होऊ नका. मुलगा 181 पर्यंत पोचला असेल तर बहुधा आधी कुठेतरी त्याला उत्तर मिळालेलं नसतं. विचारायचंच असेल तर कोणाकडून मिळालं नाही, ते विचारा.

आणि तक्रार तुमच्याविषयी असेल तेव्हा

वाईट वाटेल, रात्री झोप लागणार नाही. ते घरच्यांशी किंवा जवळच्या मित्राशी बोला, वर्गात नको. "काही जणांना माझ्याबद्दल अडचण आहे म्हणे" असं वाक्य तासाला टाकलं की सगळा वर्ग त्या मुलाला हेरायला लागतो. तक्रार निनावी असेल तर अक्षर जुळवून बघू नका.

समितीने मागितलेले कागद वेळेवर द्या: हजेरी, मार्कांची विभागणी, उत्तरपत्रिका, तुमच्या वहीतल्या त्या विषयाच्या नोंदी. आठवणीवरून पानभर खुलासा लिहिण्यापेक्षा तारखांसह चार ओळी जास्त उपयोगी पडतात. ज्यात तथ्य असेल ते त्याच कागदावर मान्य करा आणि काय बदलणार तेही लिहा. चौकशी चालू असेपर्यंत त्या मुलाची व्हायवा आणि इंटर्नल दुसऱ्या शिक्षकाकडून तपासून घ्यायची लेखी विनंती एचओडींना स्वतःहून करा. यात दोघांचीही सोय आहे, मार्क कमी पडले तरी कोणी सूड घेतला असं म्हणता येत नाही.

निर्णय कसाही लागला तरी तो मुलगा पुढचे काही महिने तुमच्याच वर्गात असतो. त्याने हात वर केला तर इतरांना देता तेवढाच वेळ त्याला द्या. त्याच्या असाइनमेंटवर पूर्वीइतक्याच सविस्तर टिपा लिहा, आणि तो शुक्रवारी साडेबाराला दुसरं काही विचारायला आला तर आधीचा विषय न काढता त्या प्रश्नाचं उत्तर द्या.